दुधाने पोळलेलं तोंड : एका शोधप्रश्नाची ९० वर्षं

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं : 'बालपणी आघात सोसलेल्या मुलांमध्ये इतरांच्या भावना ओळखण्याची क्षमता कमी असते.' त्यापुढे चार संदर्भ. वाक्य इतकं निर्धोक वाटलं होतं की त्यावर कुणी बोट ठेवेल असं मनातही आलं नव्हतं. मॅडमनी 'क्षमता' या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात लिहिलं, "ही कुठून आली ते शोधून ये."

दोन दिवसांचं काम वाटलं, तीन महिने गेले. शेवटी ते वाक्यच काढून टाकलं. का काढलं, ते आज सांगते. तुमच्यातले बरेच जण पेटच्या निकालाची वाट बघत विषय चाचपताय. मानसशास्त्र, समाजकार्य किंवा शिक्षणशास्त्र असेल तर 'बालपणीचा आघात' हा विषय कधी ना कधी समोर येतोच. तो आला की लिटरेचर रिव्ह्यूमध्ये आपण सगळे एकच करतो : गेल्या दहा-पंधरा वर्षांतले पेपर उघडायचे आणि त्यांच्या निष्कर्षांची वाक्यं एकापुढे एक लावायची. या विषयात तसं केलंत तर हमखास फसाल. कारण इथे एक पेपर म्हणतो, त्रास सोसलेली मुलं माणसं वाचण्यात मागे पडतात. दुसरा म्हणतो, तीच मुलं इतरांच्या आधी वाचतात. दोन्हीकडचे संशोधक नावाजलेले, दोन्हीकडचा डेटा खरा. मग?

मग मागे जावं लागतं. मी जिथवर गेले तिथे सुरुवात होते ती सप्टेंबर १९३२ मध्ये, जर्मनीतल्या वीसबाडेनला. तिथे मनोविश्लेषकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती आणि बुडापेस्टचे शांडोर फेरेन्त्सी एक निबंध वाचणार होते. फेरेन्त्सी म्हणजे फ्रॉइडचे अनेक वर्षांचे जवळचे सहकारी. निबंधाचा विषय मोठ्या माणसांची भाषा आणि मुलाची भाषा यांतला गोंधळ. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : घरातलाच मोठा माणूस जेव्हा मुलावर अत्याचार करतो तेव्हा मूल विरोध करेल असं आपल्याला वाटतं. पण भीती एका मर्यादेपलीकडे गेली की उलटंच घडतं. मूल स्वतःला विसरतं आणि समोरच्याच्या मनात शिरतं. त्याला काय हवंय, तो आता काय करणार, हे त्याच्याही आधी ओळखायला लागतं. आज 'आक्रमकाशी तादात्म्य' म्हणतात त्या कल्पनेची ही एक सुरुवात.

फ्रॉइडना हा निबंध अजिबात रुचला नाही. छापू नका, असं फेरेन्त्सींना सांगण्यात आलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ते वारले. इंग्रजी वाचकांपर्यंत निबंध पोचायला १९४९ साल उजाडलं. म्हणजे ज्या देशांत पुढे या विषयावर सगळ्यात जास्त संशोधन झालं, तिथे हा विचार १७ वर्षं जवळपास बंद कपाटात होता. तेवढ्यात तिथे दुसरीच गोष्ट रुजली होती.

फेरेन्त्सींकडे कंट्रोल ग्रुप नव्हता, मोजमाप नव्हतं, मोठ्या वयाचे रुग्ण त्यांच्या लहानपणाविषयी जे सांगत तेवढंच होतं. आजच्या निकषांवर हा पुरावा धरता येणार नाही. पण दावा नीट बघा. या मुलाची वाचण्याची क्षमता कमी झालेली नाही. ती नको इतकी वाढलेली आहे, आणि फक्त एकाच माणसाच्या दिशेने वळलेली आहे.

आता ती दुसरी गोष्ट. व्हिएन्नात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत गेलेले रेने श्पिट्झ यांनी १९४५ मध्ये दोन ठिकाणच्या बाळांची तुलना छापली. एक अनाथ बाळांसाठीची संस्था, दुसरं महिलांच्या तुरुंगातलं पाळणाघर. संस्थेत स्वच्छता होती, अन्न होतं, डॉक्टर होते. पण थोड्याशा परिचारिकांकडे पुष्कळ बाळं, आणि पाळण्यांच्या कठड्यांवर चादरी टाकलेल्या, त्यामुळे बाळाला दिसणार ते छत. तुरुंगात प्रत्येक बाळाला आपली आई होती, गुन्हेगार असली तरी. तुरुंगातली बाळं वाढली. संस्थेतली बाळं खंगत गेली. श्पिट्झच्या पुढच्या अहवालानुसार तिथल्या एक तृतीयांशाहून जास्त मुलांचा दोन वर्षांत मृत्यू झाला. १९४७ मध्ये त्यांनी या बाळांवर एक मूकपट केला. मी तो पूर्ण बघू शकले नाही, हे मोकळेपणाने सांगते.

श्पिट्झच्या पद्धतीवर पुढे कडक टीका झाली. १९५५ मध्ये सॅम्युएल पिनो यांनी त्यांच्या आकडेवारीतल्या विसंगती एकेक करून दाखवल्या. ती टीका जरूर वाचा. एखादं काम चुकीच्या आकड्यांवर उभं असूनही दिशेने बरोबर असू शकतं, हे पचवायला आपल्याला जड जातं.

त्याच सुमारास लंडनमध्ये जॉन बोल्बी बालमार्गदर्शन केंद्रात चोरी करणारी मुलं तपासत होते. १९४४ चा त्यांचा निबंध ४४ मुलांवर आहे. त्यांपैकी १४ मुलांना त्यांनी 'मायेचा ओलावा नसलेली' असं म्हटलं : कुणाविषयी काही वाटत नाही, समोरच्याला काय वाटेल याची फिकीर नाही. या १४ पैकी १२ मुलं अगदी लहानपणी आईपासून दीर्घकाळ दुरावलेली होती. आकडा ठसतो खरा. पण मूल कोणत्या प्रकारचं हे ठरवणारे बोल्बीच, आणि त्याच्या लहानपणाचा शोध घेणारेही बोल्बीच. तुमच्या व्हायव्हात हे चाललं नसतं.

इथे क्षणभर थांबून दोन मुलं शेजारी उभी करा. फेरेन्त्सींच्या मुलाच्या आयुष्यात एक मोठा माणूस जरुरीपेक्षा फार जास्त आहे. श्पिट्झच्या बाळाच्या आयुष्यात कुणीच नाही. एकाला समोरचा चेहरा क्षणोक्षणी वाचावा लागतो, दुसऱ्यासमोर वाचायला चेहराच नाही. आणि आपण ८०-९० वर्षांनंतर या दोघांना 'आघातग्रस्त' या एका शब्दाच्या पिशवीत घालतो आणि विचारतो, यांची क्षमता कमी की जास्त? माझ्या वाक्यातला गोंधळ नेमका हा होता. पण हे कळायला मला अजून बरंच पुढे यावं लागलं, कारण संशोधनाच्या जगालाही लागलं.

पुढचा टप्पा मानसशास्त्राचा नाही, क्ष-किरणांचा आहे. १९४६ मध्ये जॉन कॅफी या रेडिओलॉजिस्टने काही तान्ह्या मुलांमध्ये कवटीच्या आत रक्तस्राव आणि हातापायांची मोडलेली हाडं एकत्र दिसतात, असं नोंदवलं. हे कोण करतं, हे स्पष्ट बोलायला आणखी १६ वर्षं गेली. १९६२ मध्ये डेन्व्हरचे डॉ. हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात लेख लिहिला. त्यांनी ७१ रुग्णालयांकडून माहिती मागवली होती. एका वर्षात ३०२ मुलं, ३३ मृत्यू, ८५ मुलांच्या मेंदूला कायमची इजा. लेखाने खळबळ उडाली आणि १९६० चं दशक संपायच्या आत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत अशा मुलांची माहिती सरकारला कळवण्याचे कायदे झाले.

आपल्यासारख्यांसाठी या कायद्यांचा अर्थ वेगळाच आहे. त्यानंतर संशोधकाला 'मारहाण झालेली मुलं' नावाचा गट सरकारी नोंदींतून मिळायला लागला. सॅम्पल ही गोष्ट निसर्गात पडलेली नसते, ती कुणीतरी बनवलेल्या यादीतून येते, आणि त्या यादीत कोण येतं हे शाळा, दवाखाना, पोलीस कुणाच्या दाराशी जातात यावर ठरतं. आपल्याकडच्या बालगृहातलं सॅम्पल घ्याल तेव्हाही हेच. तिथलं एखादं मूल वडील गेले आणि आईला सांभाळणं जमेना म्हणून आलेलं असतं, एखादं स्टेशनवर सापडलेलं, एखादं घरच्या मारातून सोडवलेलं. रजिस्टरमध्ये त्यांचा नंबर सलग असतो.

मग आली कार्डं. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांचा ११० कृष्णधवल छायाचित्रांचा संच १९७६ मध्ये आला. आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस, आणि काही निर्विकार चेहरे. सगळे गोऱ्या माणसांचे, सगळे ठरवून केलेले हावभाव. पण प्रमाणित. त्यामुळे 'दुसऱ्याला वाचणं' या एवढ्या मोठ्या गोष्टीची एक मोजता येणारी आवृत्ती मिळाली : फोटो दाखवा, भावनेचं नाव विचारा, बरोबर किती ते मोजा. लिंडा कॅमरस आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अत्याचार झालेल्या मुलांची भावना ओळखण्याची चाचणी घेतली. त्या मुलांना कमी गुण मिळाले. माझ्या वाक्यातली 'क्षमता कमी असते' ही शब्दरचना थेट या परंपरेतली. बरोबर उत्तरांची बेरीज केली की क्षमता 'कमी' किंवा 'जास्त' होते. तिला दिशा असू शकते, हे बेरजेत दिसत नाही.

ही बेरीज फोडायचं काम केलं सेथ पोलाक, दान्ते चिकेटी आणि सहकाऱ्यांनी. त्यांचा २००० सालचा निबंध हा या विषयातला माझा सगळ्यात आवडता. छोटा अभ्यास आहे, बालवाडीच्या वयाची मुलं. पण त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, मारहाण झालेली मुलं आणि दुर्लक्ष झालेली मुलं हे गट वेगळे ठेवले. दोन, नुसतं बरोबर-चूक न मोजता चूक कोणत्या बाजूला होते तेही मोजलं.

हे दुसरं जरा उलगडून सांगते, कारण 'सिग्नल डिटेक्शन' हा शब्द पेटच्या अभ्यासक्रमात असतो आणि बहुतेक जण तो पाठ करून सोडून देतात. आपली म्हण घ्या. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आता प्रश्न असा : त्याला दूध आणि ताक यांतला फरकच कळेनासा झालाय, की फरक कळतो पण धोका नको म्हणून तो सगळंच फुंकतो? पहिलं असेल तर त्याची ओळखण्याची संवेदनशीलता घटली. दुसरं असेल तर ती शाबूत आहे, फक्त त्याचा कल एका बाजूला झुकला. बाहेरून दोघं सारखेच दिसतात. दोघंही फुंकतायत. बरोबर उत्तरांची बेरीज केली तर दोघांचे गुण सारखेच येतील.

पोलाक यांच्या निष्कर्षात नेमके हे दोघं वेगळे झाले. दुर्लक्ष झालेल्या मुलांना भावनांमधला फरक करणंच जड गेलं. वेगवेगळे चेहरे त्यांना बऱ्यापैकी एकसारखे वाटत होते. मारहाण झालेल्या मुलांचं तसं नव्हतं. त्यांचा कल रागाकडे होता. शंका आली की उत्तर 'राग'. म्हणजे श्पिट्झची बाळं आणि फेरेन्त्सींची मुलं, ७० वर्षांनी, एकाच तक्त्याच्या दोन रकान्यांत. पोलाकांनी ते या उद्देशाने केलं असं मी म्हणत नाही. इतिहास वाचणाऱ्याला ते तसं दिसतं इतकंच.

पुढे २००२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातून पोलाक यांचे आणखी दोन निबंध आले. एकात पवन सिन्हा सहलेखक होते. पडद्यावर आधी नुसता धुरकट गोंधळ, मग टप्प्याटप्प्याने चेहरा स्पष्ट होत जातो. मारहाण झालेल्या मुलांनी रागाचा चेहरा इतर मुलांपेक्षा कमी माहितीवर ओळखला, आणि बरोबर ओळखला. म्हणजे हा नुसता कल नव्हता, कौशल्यही होतं. दुसऱ्यात डोरिस किस्लर यांच्यासोबत त्यांनी दोन भावना एकमेकांत मिसळलेले चेहरे दाखवले. एका टोकाला भीती, दुसऱ्या टोकाला राग, मध्ये पायऱ्या. या मुलांची 'राग इथून सुरू होतो' ही रेषाच सरकलेली होती. ज्यात तुम्हाआम्हाला अजून भीती दिसेल त्यात त्यांना राग दिसायला लागलेला असतो.

तुम्ही म्हणाल, मग चांगलंच की. घरी दार उघडतानाच्या आवाजावरून ज्याला संध्याकाळ कशी जाणार ते ओळखावं लागतं, त्याला हे जमायलाच हवं. बरोबर आहे. पण हेच मूल दुसऱ्या दिवशी शाळेत जातं. केनेथ डॉज आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं होतं की मार खाल्लेली लहान मुलं संदिग्ध प्रसंगात, म्हणजे धक्का लागला पण मुद्दाम की चुकून हे कळत नाही अशा ठिकाणी, समोरच्याचा हेतू वाईट होता असं जास्त वेळा धरून चालतात. तेच मूल पुढे वर्गात मारकुटं ठरायची शक्यताही जास्त. घरात वाचवणारं वाचन वर्गात त्याला एकटं पाडतं.

हे सगळं स्पष्ट होत असताना एक मोठी अडचण तशीच होती. कारण आणि परिणाम. मारहाण झालेल्या मुलांच्या घरी गरिबी असू शकते, आईवडलांचा आजार असू शकतो, अनुवंश असतो. मुलांना चिठ्ठ्या टाकून मारहाणीच्या गटात घालता येत नाही, हे उघड आहे. मग प्रयोग कसा करायचा? याचं उत्तर रोमानियात मिळालं, आणि ते उत्तर मला अजूनही स्वस्थ बसू देत नाही.

ऑक्टोबर १९६६ मध्ये चाउशेस्कूच्या सरकारने ७७० क्रमांकाचा हुकूम काढला. लोकसंख्या वाढली पाहिजे म्हणून बहुतेक स्त्रियांना गर्भपात बंद. गर्भनिरोधकं मिळणंही दुरापास्त. पुढच्याच वर्षी जन्मांची संख्या जवळपास दुप्पट झाली. ज्यांना पोसणं शक्य नव्हतं ती मुलं सरकारी संस्थांत गेली, आणि सरकारनेही त्याला उत्तेजनच दिलं. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली, पत्रकार आत शिरले, तेव्हा लाखाहून जास्त मुलं अशा संस्थांत होती. ओळीने पाळणे, ठरलेल्या वेळी दूध, ठरलेल्या वेळी स्वच्छता, आणि पाळीप्रमाणे बदलणारे चेहरे.

चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या तिघांनी २००१ च्या सुमारास बुखारेस्टमध्ये जे सुरू केलं ते असं : सहा संस्थांतली १३६ मुलं, वय ६ ते ३१ महिने. चिठ्ठ्या टाकून निम्मी, म्हणजे ६८ मुलं, प्रतिपालक कुटुंबांत जाणार. उरलेली ६८ आहेत तशी संस्थेत राहणार. शिवाय तुलनेसाठी आपल्या घरी वाढणारी ७२ मुलं. त्या वेळी बुखारेस्टमध्ये प्रतिपालक कुटुंबं जवळजवळ नव्हतीच. ती संशोधकांनी स्वतः शोधली, प्रशिक्षण दिलं, मानधन दिलं.

वाचताना जे तुमच्या पोटात आलं ते माझ्याही आलं. ६८ मुलांना माहीत असून मागे ठेवलं? संशोधकांचं उत्तर असं की प्रकल्प नसता तर १३६ च्या १३६ मुलं तिथेच राहिली असती; कुटुंबांची संख्या मर्यादित होती आणि त्यात चिठ्ठी ही सगळ्यात न्याय्य पद्धत; आणि मागे राहिलेल्या मुलाला घर मिळायची संधी आली तर प्रकल्प ते अडवणार नाही. तसं त्यांनी खरंच अडवलं नाही, पुढे त्या गटातलीही बरीच मुलं संस्थांबाहेर गेली. रोमानियाने दोन वर्षांखालच्या मुलांना अशा संस्थांत ठेवण्यावर बंधन आणलं, त्यामागच्या चर्चेतही हे निष्कर्ष होते. तरीही ही चर्चा संपलेली नाही, आणि संपू नये असं मला वाटतं. एथिक्स कमिटीचा फॉर्म 'फॉरमॅट' म्हणून भरणाऱ्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींना मी हे एक प्रकरण वाचायला सांगते.

निष्कर्ष काय आले? बुद्धीची वाढ, भाषा, आपुलकीचं नातं यांत घरी गेलेल्या मुलांना फायदा झाला, आणि पुष्कळ बाबतींत जितक्या लवकर घर तितका जास्त. चेहरे वाचण्याबाबत मात्र गोष्ट वळण घेते. तान्ह्या वयात एक हावभाव दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे हे ओळखण्यात संस्थेतली आणि घरातली मुलं यांत फारसा फरक दिसला नाही. श्पिट्झवरून आपण जे धरून चाललो असतो तसं झालं नाही. ईईजीत मात्र चेहरा बघताना मेंदूचा विद्युत प्रतिसाद संस्थेतल्या मुलांमध्ये क्षीण होता. आणि वागण्यात आणखी एक दिसलं. दारात अनोळखी माणूस येतो, म्हणतो, चल, तुला काहीतरी दाखवतो. घरात वाढलेलं मूल आईकडे बघतं. संस्थेत वाढलेल्या मुलांपैकी कितीतरी जण सरळ त्याच्यामागे चालू लागली. चेहऱ्यातला हावभाव कळणं आणि हा चेहरा कुणाचा, माझ्या ओळखीचा की परका, याने फरक पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्डावरची चाचणी पहिलीच मोजते.

संस्थांतून अमेरिकेत दत्तक गेलेल्या पूर्व युरोपीय मुलांवर फ्राइज आणि पोलाक यांनी २००४ मध्ये काम केलं. प्रसंग सांगितला की त्याला साजेसा चेहरा निवडायचा. आनंद, दुःख, भीती यांत ही मुलं मागे पडली. रागात नाही. रागाचा चेहरा त्यांना इतर मुलांइतकाच ओळखता आला. मी हे वाचून बराच वेळ तशीच बसले होते.

प्रौढांवरच्या संशोधनाविषयी थोडक्यात सांगते, कारण तिथला गोंधळ जास्त आणि गाभा कमी आहे. २०१५ मध्ये लॉरा जर्मिन आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरून हजारो लोकांची चाचणी घेतली. लहानपण खडतर गेलेल्यांना नुसत्या डोळ्यांच्या फोटोवरून मनातलं ओळखायला कमी जमलं. चेहरा कुणाचा आहे हे ओळखण्यात मात्र फरक नव्हता. २०१८ मध्ये डेव्हिड ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांचा निबंध आला : बालपणी आघात झाल्याचं सांगणाऱ्या प्रौढांमध्ये सहानुभूती जास्त. बातम्या या दुसऱ्याच्या झाल्या. आपल्याला असं काही ऐकायला आवडतं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण एका ठिकाणी चाचणी होती, दुसऱ्या ठिकाणी प्रश्नावली. एक विचारते, तुला ओळखता येतं का. दुसरी विचारते, तुला ओळखता येतं असं तुला वाटतं का, दुसऱ्याचं दुःख बघून तुला त्रास होतो का. ही दोन उत्तरं एकाच माणसाकडून उलटसुलट येऊ शकतात. शिवाय मोठेपणी आठवून सांगितलेला आघात आणि लहानपणीच नोंदला गेलेला आघात यांचा मेळ फारच कमी बसतो. २०१९ मध्ये १६ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात तसं निघालं. दोन्ही पद्धतींनी बहुतांशी वेगवेगळी माणसं पकडली जातात. पुन्हा यादीचाच प्रश्न.

आणि भाषेचा. डोळ्यांच्या त्या चाचणीत ३६ फोटो असतात आणि प्रत्येकापुढे चार शब्द. इंग्रजी शब्द, आणि त्यातले काही चांगलेच अवघड. मराठीत आणायला बसलात की कळेल. आपल्याकडे राग वेगळा, चीड वेगळी, रुसवा तर अगदीच वेगळा. रुसायला समोर आपलं माणूस लागतं, समजूत काढायला कुणी येईल ही खात्री लागते. ज्या मुलाची समजूत कधी कुणी काढलेली नाही त्याला रुसलेला चेहरा दाखवून उत्तर मागायचं आणि चुकलं की गुण कापायचे, याला काय मोजणं म्हणायचं?

आता माझ्या स्वतःच्या फजितीविषयी. गेल्या वर्षी रीतसर परवानगी घेऊन एका बालगृहात कार्डांचा सराव करायला गेले होते. डेटा गोळा करायचा नव्हता, फक्त वेळ किती लागतो ते बघायचं होतं. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी समोर बसली. मी कार्ड उचलायची, बघायची, तिच्याकडे फिरवायची. तिची उत्तरं पटापट आणि जवळजवळ सगळी बरोबर. मी खूश. मग लक्षात आलं की ती कार्डाकडे निमिषभरच बघतेय. बाकी सगळा वेळ माझ्याकडे. म्हणून पुढची कार्डं न बघताच तिच्यापुढे धरली. ती अडखळायला लागली. शेवटी मी विचारलं तेव्हा म्हणाली, "ताई, चुकत असलं की तुम्ही पेन खाली घेता."

मला आठवला बर्लिनचा हान्स घोडा. १९०४ च्या सुमारास हा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवलं की घोडा बरोबर आकड्यापर्यंत टाप आपटत आला की प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलतं, आणि तो ते टिपतो. प्रश्नकर्त्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोडाही चुकतो. यात माझी तुलना त्या प्रश्नकर्त्यांशी आहे, मुलीची घोड्याशी नाही. ती काय करत होती ते तिला पक्कं माहीत होतं.

सरावाच्या ऐवजी ती खरी चाचणी असती, आणि मी कार्डं शिस्तीत धरली असती, तर माझ्या तक्त्यात तिच्यापुढे 'भावना ओळखण्याची क्षमता : कमी' असं पडलं असतं. ती माझं पेन वाचत होती.

त्या संध्याकाळी मी सिनॉप्सिसमधलं वाक्य काढलं. नव्या मसुद्यात मारहाण आणि दुर्लक्ष हे गट वेगळे आहेत, बरोबर उत्तरांच्या बेरजेबरोबर चूक कुठे होते त्याचीही नोंद आहे, आणि कार्डं लॅपटॉपवर, मी मुलाच्या मागे बसलेली. मॅडमनी वाचलं. यावेळी 'क्षमता' शब्दच नव्हता, म्हणून मी जरा निवांत होते. त्यांनी पेन्सिल काढली आणि 'रागाचा चेहरा' या शब्दांखाली रेघ मारली. "कुणाच्या रागाचा? हा फोटोतला माणूस त्या मुलीचा कोण लागतो?"

सध्या त्यावर काम चालू आहे.